बातमीला जाब विचारणारे लोक

लंडन, डिसेंबर २०२५

ब्रिटनमध्ये घरी बसून कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण पाहायचं तर परवाना घ्यावा लागतो. २०२५ मध्ये त्याचे वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स पडत होते आणि त्यातला बहुतेक पैसा बीबीसीकडे जातो. त्यामुळे बीबीसीबद्दल बोलताना ‘आमच्या पैशांवर चालते’ हे वाक्य इथला माणूस हमखास टाकतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ते वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं ते गाझाच्या बातम्यांवरून.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅलेस्टिनींच्या बाजूने लंडनमध्ये मोठा मोर्चा निघाला. तो निघाला पोर्टलंड प्लेसवरून, म्हणजे बीबीसीच्या दारातूनच. त्यानंतरच्या एका बातमीत देशभरच्या अशा निदर्शनांमध्ये लोकांनी हमासला पाठिंबा दिल्याचं सांगितलं गेलं. तक्रारींचा पाऊस पडला. दोनच दिवसांत वृत्तनिवेदिकेला पडद्यावर सांगावं लागलं, की ते वर्णन दिशाभूल करणारं होतं. मोर्चात मुलांना खांद्यावर घेऊन आलेली माणसं होती. आपल्याच पैशांवर चालणाऱ्या वाहिनीने आपल्याला दहशतवाद्यांच्या पंगतीत बसवलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

तक्रार करणं हे या देशात एक शिस्तीचं काम आहे. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांची एक रेघांची वही कायम उघडी असते. तारीख, वेळ, वाहिनी, कार्यक्रम आणि जसंच्या तसं उतरवून घेतलेलं वाक्य. समोरच्या पानावर दोनच गोष्टी: काय घडलं होतं आणि बातमीत काय आलं नाही. ‘तुम्ही पक्षपाती आहात’ असं त्या कधीच लिहीत नाहीत. त्याला छापील उत्तर येतं, असं त्या म्हणतात. नेमक्या वाक्यावर बोट ठेवलं की कुणाला तरी बसून ते वाक्य पुन्हा वाचावं लागतं. बीबीसीकडे पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर पुन्हा लिहायचं, मग वरच्या तक्रार विभागाकडे जायचं आणि तिथेही जमलं नाही तर ऑफकॉम या नियामक संस्थेकडे. महिनोन्‌महिने जातात. बाई कंटाळत नाहीत.

त्यांच्या वहीत एक पान हिंद रजबचं आहे. २९ जानेवारी २०२४ रोजी गाझा शहरात ही लहान मुलगी नातेवाइकांबरोबर गाडीतून निघाली होती. गाडीवर गोळीबार झाला. पंधरा वर्षांची तिची नात्यातली बहीण फोनवर बोलता बोलता गेली. मग नातेवाइकांच्या मृतदेहांमध्ये बसून हिंद रेड क्रेसेंट या मदतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांशी तासन्‌तास बोलत राहिली, मला न्यायला या म्हणत राहिली. समोर रणगाडा आहे, हेही तिने सांगितलं. तिला आणायला गेलेल्या रुग्णवाहिकेतले दोघेही मारले गेले. बारा दिवसांनी सगळ्यांचे मृतदेह सापडले. त्या दिवशीचा बीबीसीचा मथळा असा होता, की मदतीसाठी फोन केलेली सहा वर्षांची हिंद काही दिवसांनी गाझात मृतावस्थेत सापडली. वाचणाऱ्याला वाटावं, पोर हरवली होती. पुढे फॉरेन्सिक आर्किटेक्चर या लंडनच्याच संशोधन गटाने त्या गाडीवर गोळ्यांची ३३५ छिद्रं मोजली.

संपादकांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. गोळी कुणी झाडली हे सिद्ध झालेलं नसताना मथळ्यात नाव घालणं जोखमीचं असतं, आणि आपल्या फौजा त्या भागात नव्हत्याच, असं इस्रायली लष्कर पुढे म्हणालं. मान्य. पण मुलीचा आवाज ध्वनिमुद्रित होता, रणगाड्याचा उल्लेख त्यात होता आणि रेड क्रेसेंट उघडपणे इस्रायलकडे बोट दाखवत होती. ‘गाडीवर गोळीबार’ एवढं लिहायला कसल्याच पुराव्याची वाट पाहायची नव्हती. तेही मथळ्यात नव्हतं. माझ्या मते ही सावधगिरी राहिली नव्हती. एका मुलीची हत्या त्या मथळ्याने अपघाताच्या बातमीच्या जवळ नेऊन ठेवली.

हा आक्षेप आजचा नाही. ग्रेग फिलो आणि माइक बेरी या ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये ‘बॅड न्यूज फ्रॉम इस्रायल’ हे पुस्तक काढलं. त्यांनी टीव्हीच्या बातम्या वाक्यावाक्याने तपासल्या आणि प्रेक्षकांनाही बसवून प्रश्न विचारले. कब्जा कुणी कुणाच्या जमिनीवर केला आहे, हेच बहुसंख्य तरुणांना माहीत नव्हतं. वसाहती करून राहणारे लोक पॅलेस्टिनीच आहेत, असं काहींना वाटत होतं. ही मुलं रोज बातम्या पाहणाऱ्या देशातली. बातम्यांत दगड दिसत होते, बाँब दिसत होते, पण १९४८ आणि १९६७ चा इतिहास दिसत नव्हता. पॅलेस्टिनींनी काही केलं की हल्ला आणि इस्रायलने केलं की प्रत्युत्तर, हा क्रम इतका मुरला होता, की भांडण दर वेळी पॅलेस्टिनीच उकरून काढतात असं वाटावं.

दोन वर्षांनी बीबीसीनेच नेमलेल्या सर क्वेंटिन थॉमस यांच्या समितीने अहवाल दिला. जाणूनबुजून पक्षपात आढळला नाही, असं समितीने स्पष्ट म्हटलं. त्याच अहवालात असंही लिहिलं होतं, की एक बाजू सत्ता गाजवते आणि दुसरी कब्जाखाली जगते, हा फरक बातम्यांतून नीट पोचत नाही. इतकी वर्षं झाली, हे वाक्य अजून तसंच्या तसं लागू पडतं.

२००९ च्या जानेवारीत तर कहर झाला. गाझातल्या युद्धग्रस्तांसाठी इथल्या मदतसंस्थांनी मिळून निधीचं आवाहन केलं, आणि आपल्या निःपक्षपातीपणावर शंका येईल म्हणून बीबीसीने ते दाखवायला नकार दिला. मजूर पक्षाचे जुने नेते टोनी बेन बीबीसीवर मुलाखतीला आले आणि निवेदकाला न जुमानता थेट प्रक्षेपणात पैसे पाठवण्याचा पत्ता वाचून मोकळे झाले. २०१४ मध्ये मात्र गाझासाठीचं तसंच आवाहन बीबीसीने दाखवलं. लोक ओरडले म्हणून हा बदल झाला, असं मला ठामपणे वाटतं.

इस्रायलच्या समर्थकांचीही तितकीच मोठी तक्रार आहे आणि तिच्यातही तथ्य सापडलेलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला, तेव्हा बीबीसीच्या वार्ताहराने तो इस्रायलच्याच हल्ल्याचा असावा असा तर्क थेट प्रक्षेपणात केला आणि तसा तर्क करणं चूक होतं, हे बीबीसीने कबूल केलं. २०२५ मध्ये गाझातल्या मुलांवरच्या एका माहितीपटात सूत्रधार मुलगा हमास सरकारातल्या उपमंत्र्याचा मुलगा निघाला. ही गोष्ट प्रेक्षकांपासून लपली, म्हणून ऑफकॉमने बीबीसीला दोषी धरलं. योग्यच केलं.

पण यातून बीबीसीतले काही वरिष्ठ जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. दोन्हीकडून शिव्या बसतात, त्याअर्थी आपण बरोबर मध्ये आहोत, असं ते सांगतात. शिव्यांची बेरीज-वजाबाकी करून खरेपणा कसा कळेल? प्रत्येक तक्रार तिच्या पुराव्यावर तपासायची असते. नाहीतर होतं काय, एका बाजूची चूक झाकायला दुसरीकडे चूक करून ठेवली जाते. त्या माहितीपटाच्या गोंधळानंतर गाझातल्या डॉक्टरांवरचा दुसरा माहितीपट बीबीसीने तयार असूनही दाखवला नाही. आपण पक्षपाती दिसू, हे कारण पुढे केलं. अखेर २०२५ च्या जुलैमध्ये चॅनेल फोरने तो दाखवला. ज्या डॉक्टरांवर तो होता, त्यांचा पहिल्या माहितीपटाशी काय संबंध होता?

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बीबीसीचे तेव्हाचे महासंचालक टिम डेव्ही यांनी राजीनामा दिला. निमित्त ट्रम्प यांच्या भाषणाच्या संकलनाचं होतं, पण ज्या फुटलेल्या टिपणावरून वादळ उठलं त्यात अरबी सेवेच्या गाझा-वार्तांकनावरही ठपका होता. यापुढे संपादक अधिकच घाबरतील, अशी तेव्हा इथल्या पत्रकारांत चर्चा होती.

ऑक्टोबर २०२३ नंतरच्या या सगळ्या वादांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. तेव्हापासून इस्रायल परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ देत नाही. जे काही जगाला दिसतं ते तिथल्या पॅलेस्टिनी पत्रकारांच्या कॅमेऱ्यातून, आणि २०२५ च्या ऑगस्टअखेरपर्यंत त्यांच्यापैकी १८० हून अधिक मारले गेले होते. त्यांच्या जिवावर आलेल्या बातमीला लंडनच्या टेबलावर ‘स्वतंत्रपणे पडताळणी झालेली नाही’ अशी पुस्ती जोडली जाते. पडताळणी का करता आली नाही, दार कुणी बंद केलं, हे त्याच पुस्तीत एका ओळीत सांगता येतं. शेजारच्या बाईंची सध्याची तक्रार नेमकी याच ओळीसाठी आहे.

आपल्याकडे मराठी वृत्तपत्रांत गाझाची बातमी येते ती बहुधा रॉयटर्स, एपी, एएफपी यांच्या तारांवरून किंवा बीबीसीवरून. इथे मथळ्यातून गाळलेला कर्ता, म्हणजे ते कुणी केलं हे सांगणारा शब्द, कोल्हापूर-नागपूरच्या पानावरही गाळलेलाच राहतो. बातमी लावणाऱ्या उपसंपादकाला त्यासाठी लंडनला पत्र लिहायची गरज नाही. मजकूर खालपर्यंत पूर्ण वाचला की तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात बहुतेक वेळा कर्ता सापडतो. तो मथळ्यात आणणं त्याच्याच हातात असतं.