इंजिन खोललं तेव्हा…

‘‘ताई, दादाला घेऊन या. इंजिन खोलावं लागतंय. मोठं काम आहे,’’ मेस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, ‘‘दादाला कशाला? गाडी माझी आहे. मलाच सांगा की!’’

मेस्त्री जरा गडबडले. मग हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, ‘‘तसं नाही वो ताई. साहेब होते तेव्हा त्यांच्याशीच बोलणं व्हायचं ना…’’

खरंच होतं त्यांचं. ही स्कूटर आम्ही २०१४ साली घेतली, माझ्याच भिशीच्या पैशातून. चालवायची मी, पण तिचं दुखलंखुपलं बघायचे आमचे हे. तीन वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर घरचा हळद-मसाल्याचा व्यवसाय मी एकटीनं उभा केला. हिंगोलीहून आजूबाजूच्या गावांत रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, एकादशीला नर्सीला. पुढे पायाशी हळदीची पोतडी, मागे मसाल्याची पिशवी. गाडी थांबली की माझी रोजीरोटी थांबली!

आणि ती थांबलीच. आधी निळसर धूर मारायला लागली, मग चढाला दम लागायला लागला, आणि एक दिवस किक मारून मारून पाय भरून आले तरी सुरू होईना. शेवटी शेजारच्या मुलानं टेम्पोत घालून गॅरेजला पोचवली.

घरी सल्ल्यांचा पाऊस! दीर म्हणाले, ‘‘भंगारात घाला, वहिनी. हप्त्यावर नवी घ्या.’’ पुतण्या मोबाइल पुढे करून म्हणाला, ‘‘काकू, आता कार्बोरेटर कोण वापरतं? इंजिन खोलतच आहेत तर फ्युएल इंजेक्शन बसवून घे. ॲव्हरेज वाढतं, सकाळी एका बटनात सुरू!’’ मला दोन्ही शब्द ऐकून माहीत होते. पण त्यात नेमका फरक काय, हे बारा वर्षं गाडी चालवून कधी विचारलंच नव्हतं. शेवटी स्टुलावर बसले आणि मेस्त्रींना म्हटलं, ‘‘आता मला समजेल असं सांगा.’’

त्यांनी कार्बोरेटर हातात दिलं. मुठीएवढी वस्तू! इंजिन हवा ओढतं, ती याच्या अरुंद गळ्यातून वेगानं जाते. तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून आपोआप वर ओढलं जातं. त्या छिद्राला म्हणतात जेट. ना वायर, ना कॉम्प्युटर. आपल्या आजीच्या हातासारखं, चिमटीचा अंदाज! पण थंडीत हा अंदाज चुकतो, म्हणून चोक. गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल चिकट होतं आणि जेट बुजतं. मग खोला, साफ करा, फुंकर मारा, लावा.

फ्युएल इंजेक्शन म्हणजे मोजून-मापून स्वयंपाक. टाकीत विजेवर चालणारा पंप असतो, तो पेट्रोल दाबानं पुढे ढकलतो. इंजिन किती तापलंय, हवा किती येतेय, सायलेन्सरमधल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सेन्सर सांगतात. ‘ईसीयू’ नावाची छोटी पेटी हिशेब करते आणि इंजेक्टर तेवढंच पेट्रोल फवारतो. म्हणून धूर कमी, पेट्रोलची थोडी बचत आणि चोकची कटकट नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे ‘बीएस-६’ नियम लागू झाले, प्रदूषणाच्या मर्यादा कडक झाल्या. तेव्हापासून नव्या पेट्रोल स्कूटर इंजेक्शनच्याच येतात.

‘‘मग माझ्या गाडीला बसवा की!’’ मी म्हटलं.

मेस्त्री हसले आणि बोटं मोजायला लागले. पंपासकट टाकी बदला, थ्रॉटल बॉडी बदला, इंजेक्टर, सेन्सर, सायलेन्सरला छिद्र, सगळी वायरिंग नवी आणि या इंजिनाला जुळेल असा ईसीयू. खर्च इंजिनाच्या कामाच्या चौपट. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं बनवलेली गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीही आडवी लावू शकते. ‘‘आणि ताई, रस्त्यात बंद पडली तर कार्बोरेटर कुठल्याही गावचा पोरगा साफ करून देईल. यातला बिघाड शोधायला मशीन लागतं.’’

म्हणजे प्रश्न निराळाच होता. जुन्या गाडीला इंजेक्शन नव्हे, तर जुनी गाडी कार्बोरेटरसकट बांधायची की इंजेक्शनची नवी घ्यायची?

रात्री वही घेऊन बसले. इंजिनाचं काम नऊ हजार. नवी गाडी नव्वद हजारांच्या घरात, म्हणजे महिन्याला तीनेक हजारांचा हप्ता. मी महिन्याला साधारण हजार किलोमीटर फिरते. समजा, जुनी गाडी लिटरला ४५ देईल आणि नवी ५०. जुनीला २२ लिटर लागेल, नवीला २०. बचत दोन-सव्वादोन लिटरची, म्हणजे अडीचशेच्या आत! अडीचशे वाचवायला तीन हजारांचा हप्ता? माझ्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, २०२९ पर्यंत. तोवर हप्त्याएवढे पैसे बाजूला टाकले, तर नवी गाडी रोखीनं येईल.

हिशेब जमला होता. तरी मनात एक रुखरुख होती. दुसऱ्या दिवशी विचारलंच, ‘‘कार्बोरेटरमुळेच इंजिन गेलं का हो?’’

मेस्त्रींनी पिस्टन माझ्यासमोर धरलं. त्यावर उभे ओरखडे, जणू कुणी नखांनी ओरबाडलंय. ‘‘ऑइल शेवटचं कधी बदललं, ताई?’’

मी गप्प. आठवेचना. मी पेट्रोल तेवढं टाकत होते.

‘‘साहेब दोन महिने झाले की गाडी घेऊन यायचे,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘इंजेक्शन असतं तरी हेच झालं असतं. ऑइल संपलं की पिस्टन घासणारच.’’

डोळे भरून आले. यांनी मला गाडी चालवायला शिकवली, गर्दीतून काढायला शिकवली. ऑइलची पट्टी बघायला शिकवायचं राहून गेलं. आणि मीही कधी विचारलं नाही. ते आहेत ना बघायला!

काम करून घेतलं. सिलिंडर नांदेडला लेथवर पाठवून बोअर केला. नवं पिस्टन, रिंगा, ऑइल सील, व्हॉल्व्हची घासाई. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि २०२३ च्या आधीच्या गाड्यांचं रबर त्या हिशेबानं बनवलेलं नाही. म्हणून पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरमधली रबरंही बदलून घेतली. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या आत चालवली, मग पुन्हा ऑइल बदललं.

मैत्रिणींनो, तुमची गाडी कार्बोरेटरची असेल तर ती फार दिवस उभी ठेवू नका. इंजेक्शनची असेल तर टाकी कोरडी होऊ देऊ नका, कारण पेट्रोलच तिच्या पंपाला थंड ठेवतं. बॅटरीकडेही लक्ष द्या, ती पूर्ण बसली की नुसत्या किकनं भागत नाही. आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर ‘बघू नंतर’ म्हणू नका.

पण ऑइल दोघींनाही लागतं! स्कूटरच्या इंजिनात ते असतं जेमतेम पाऊण लिटरच्या आसपास. दर रविवारी गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावते. पट्टी काढून फडक्यानं पुसते, पुन्हा घालून बघते. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की झालं. दोन मिनिटांचं काम.

गेल्या रविवारी लेक शेजारी येऊन उभी राहिली. मी पट्टी तिच्या हातात दिली. म्हटलं, ‘‘आज तू बघ.’’

तुमच्या गाडीची पट्टी शेवटची कधी पाहिलीत?