पंप बदलण्याआधी मोजून घ्या

गेल्या ऑगस्टमध्ये शारजाहून दुबईला येताना भर दुपारी आमची गाडी बंद पडली. मागच्या सीटवर आई आणि चार वर्षांची मुलगी, आणि एसी बंद. गॅरेजवाल्याने 'फ्यूएल पंप गेला' असे सांगून 650 दिरहम घेतले व नवा पंप बसवला. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तशीच थांबली. दुसऱ्या मेकॅनिकने आधी मोजमाप केले, तेव्हा दोष 40 दिरहमच्या रिलेत निघाला. पंपाला पुरेशी वीजच मिळत नव्हती. इंजिनिअर असूनही मी पहिल्या वेळी मोजमाप मागितले नाही, ही चूक माझीच.

पंपाच्या परीक्षेत दोन प्रश्न असतात: दाब किती आणि पेट्रोल किती? नळाच्या तोंडावर बोट दाबले तर पाणी जोरात उडते, पण बादली भरत नाही. पंपाचेही तसेच आहे. साध्या इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत दाब 3 ते 4 बार असतो. तो बरोबर दिसला तरी ठरलेल्या सेकंदांत ठरलेले पेट्रोल यायला हवे. नेमके आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. पेट्रोल कमी आले तरी दोष पंपाचाच असतो असे नाही. फिल्टर तुंबलेला असेल किंवा वीज कमी पोहोचत असेल.

घरी एवढेच करावे: इंजिन सुरू न करता किल्ली 'ऑन'वर आणावी. बऱ्याच गाड्यांत टाकीकडून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर आधी फ्यूज पाहावा.

पुढचे काम घरी नको, तळघरातील पार्किंगमध्ये तर मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते, आणि तिला एक ठिणगी पुरते. इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब राहतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत तो कित्येक पट जास्त असल्याने अनुभवी माणसानेच हात घालावा.

गॅरेजात पुढील गोष्टी पाहाव्यात: काम मोकळ्या हवेत आणि इंजिन थंड झाल्यावर होते का? नळी सोडण्याआधी दाब काढला का? अग्निशामक जवळ आहे का? डोळ्यांवर चष्मा आहे का? पेट्रोल पाण्याच्या बाटलीत न घेता इंधनाच्या कॅनमध्ये घेतात का? तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नये व काढू देऊ नये. फुफ्फुसात गेल्यास जिवावर बेतते. चुकून गिळल्यास उलटी न करवता 998 वर रुग्णवाहिका बोलवावी. आग लागल्यास दूर होऊन 997 फिरवावा.

टाकी पावपेक्षा खाली जाऊ देऊ नका. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, आणि इथल्या उन्हाळ्यात त्याची गरज अधिक.

आणि पंप बदलायला सांगितले, तर दाब आणि पेट्रोल हे दोन्ही आकडे कागदावर मागा. पैसे त्यानंतर.