मराठीचा ‘डॉट’ कोणता?

पाकिटावर आपण नाव, गाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे असे लहानाकडून मोठ्याकडे लिहीत जातो. इंटरनेटवरचा पत्ताही तसाच. त्यातला अखेरचा शब्द, म्हणजे डोमेन, सर्वांत मोठ्या मुलखाचा. ह्या एका शब्दासाठी युरोपात चळवळी झाल्या आहेत. कॅटलोनिया हे स्वतंत्र राष्ट्र नाही. तरी भाषा व संस्कृती यांच्या नावाने कॅटलन भाषकांनी २००५ साली ‘डॉट कॅट’ मंजूर करून घेतले. पुढे स्कॉटिश लोकांनी नेट धरला आणि २०१४ साली ‘डॉट स्कॉट’ मिळवले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे देवनागरी ‘डॉट भारत’ खुले झाले. हिंदी, कोकणी, मैथिली यांच्याबरोबर मराठीचीही सोय त्यातच. एकट्या मराठीची पाटी नाही.

लिपी एकच, मग वेगळी पाटी कशाला, असे कोणी विचारील. माहुलीच्या दऱ्या आणि कोकणचा दर्या आपला डोळा सहज वेगळे ओळखतो. यंत्राला तो भेद शिकवावा लागतो. ते तर देवनागरी नावाचे रोमन अक्षरांत रूपांतर करून ठेवते. ‘भारत’चा तेथे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ होतो! तेव्हा लिपीचे नियम ठरतात त्या बैठकीत दऱ्यांतला आडवा ‘र’ सांभाळणारा मराठी माणूस हवाच.

पाटीची किंमतही थोडी नाही. डोमेने वाटणाऱ्या आयकॅन संस्थेचे २०१२ सालचे अर्जशुल्क १,८५,००० डॉलर होते. शिवाय पुढे ती पाटी कायम चालवणारी संस्था हवी. आम्हांस वाटते, वर्गणी गोळा करण्याआधी आपल्या वाचनालयांनी व शाळांनी ‘डॉट भारत’खाली मराठी नावे घेऊन ती वापरून पाहावीत.