सव्वादोन मिनिटांचा सूर्य

नाणेघाटाच्या कड्यावर ट्रायपॉड लावून बघा. वाऱ्याने तोही थरथरतो, शिवाय मागे उभ्या गर्दीच्या पायांत येतो. टेली लेन्स हातात धरूनच मावळतीचे फोटो काढावेत, असं माझं मत झालं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस सरल्यावर कोकण खाली स्वच्छ दिसतं, तेव्हा जावं. पुढे उन्हाळ्यात धुरकट पट्टा इतका दाट होतो की सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच त्यात विरतो.

लेन्स लांब का हवी? सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. 18 मिमीवर तो फोटोत टाचणीच्या डोक्याएवढा उरतो; 300 मिमीवर, क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात, चौकटीच्या उंचीच्या साधारण सहाव्या भागाएवढा. याच हिशोबाने कड्यावर दोनशे मीटरवर उभा असलेला माणूस सूर्याच्या उंचीचा दिसतो. मित्राला तेवढ्या अंतरावरच्या सुरक्षित उंचवट्यावर उभं करा, स्वतः पुढे-मागे सरकून जागा जुळवा. फक्त सरकताना डोळा कॅमेऱ्यात नको. खाली दरी आहे.

लेन्स सूर्याला मोठा करते, तशी हाताची थरथरही मोठी करते. म्हणून शटर स्पीड लेन्सच्या आकड्याशी बांधायचा: 300 मिमी, त्यात क्रॉपचा दीडपट गुणाकार, म्हणजे 1/450. मी 1/500च्या खाली जात नाही, वारा असेल तर 1/1000. त्यासाठी आयएसओ 400-800 झाला तरी चालेल. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेला फोटो नाही. डावा तळवा लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. बसून गुडघ्यांवर कोपरं टेकली तर आणखी बरं. श्वास सोडावा आणि बटण दाबावं, हिसका देऊ नये. तीन-चार फोटोंचा बर्स्ट घ्यावा. पहिला बहुधा बोटाच्या धक्क्याने हललेला असतो, मधले नीट येतात.

सूर्य वर, झगझगीत असताना जुन्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून त्याकडे पाहायचंच नाही. डोळ्याला कायमची इजा होते. तो लाल, मऊ होईपर्यंत थांबा. काळ्या डोंगरांकडे पाहून कॅमेरा फसतो आणि सूर्याचं पांढरं ठिगळ करून ठेवतो. एक्स्पोजर सूर्याच्या शेजारच्या आकाशावरून घ्या, किंवा एक-दोन पायऱ्या कमी करा. डोंगर काळेच राहू देत. फोकस सूर्याच्या कडेवर.

तळाची कड टेकल्यापासून सूर्य पूर्ण बुडेपर्यंत आपल्या अक्षांशावर सव्वादोन ते अडीच मिनिटं मिळतात. खालचा भाग चपटा दिसला तर लेन्सला दोष देऊ नका; जाड हवेतून प्रकाश वाकतो, आणि खालच्या कडेचा जास्त वाकतो. गंमत म्हणजे तो टेकलेला दिसतो तेव्हा प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो.

मावळतीची जागाही वर्षभर सरकते. डिसेंबरअखेर सूर्य पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला बुडतो, जूनअखेर तेवढाच उत्तरेला. नाणेघाटात आज सूर्याशी जुळलेला सुळका महिन्याभराने जुळणार नाही. आंबेगावच्या आहुपे कड्यावरही हाच हिशोब.

सूर्य गेल्यावर रंग चढतात, तेव्हा 1/500 परवडत नाही. स्टॅबिलायझेशन चालू करून, दगडाला टेकून, 1/60ला जा. मग उठा. परतीची वाट अंधाराची आणि हा पट्टा बिबट्याचा. बॅगेत बॅटरी ठेवा आणि एकटे येऊ नका.