फळ्यावरचा मासा

मालवण, वेंगुर्ला किंवा देवगडच्या एखाद्या जुन्या खानावळीत जेवायला बसले की दोन मेन्यू समोर येतात. एक टेबलावरचा, प्लास्टिकच्या आवरणातला, सरंग्यापासून शेवंडीपर्यंत सगळे काही देऊ करणारा. दुसरा फळ्यावर खडूने लिहिलेला, पाच-सहा ओळींचा. पहिला वर्षानुवर्षे तोच असतो, दुसरा रोज पुसला जातो. मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे कार्ड उघडतात आणि पापलेट शोधतात. गावातली माणसे कार्डाला हातही लावत नाहीत. गल्ल्यावरच्या मालकाला ती एवढेच विचारतात, "काय गावला आज?"

शहरांत अलीकडे हंगामाप्रमाणे बदलणाऱ्या मेन्यूचे बरेच कौतुक आहे. लोअर परळमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या 'द बॉम्बे कँटीन'सारख्या रेस्टॉरंटने तो शब्द मुंबईच्या हॉटेलांत रुळवला, हे खरेच. पण किनाऱ्यावरच्या खानावळीला दुसऱ्या कुठल्या प्रकारचा मेन्यू परवडलाच नव्हता. बंदरात लिलाव होतो, पाट्या उचलल्या जातात आणि त्यानंतर थाळीचा भाव ठरतो. छापील कार्डावरसुद्धा पापलेट, कुर्ल्या आणि शेवंड यांच्यासमोर रुपयांऐवजी 'साइजप्रमाणे' असे लिहिलेले असते. म्हणजे कार्ड छापणाऱ्यालाही माहीत असते की या तीन ओळींवर त्याचा काही हक्क नाही.

फळा लिहितो मालक, पण मजकूर सांगणारे वेगळे असतात. पाऊस, चंद्र, सरकार आणि गिऱ्हाईक, असा हा कारभार आहे.

चंद्राचे काम पालघर, मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर सर्वात चांगले दिसते. इथे भरती-ओहोटीचा फरक मोठा, आणि डोल जाळ्याची मासेमारी त्यावरच चालते. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले लांबलचक पिशवीसारखे जाळे. ते माशाच्या मागे जात नाही. पाण्याची ओढ जे आणील ते पोटात घेते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, ओढ जोरात असते आणि जाळी भरतात. अष्टमीच्या सुमाराला भांग लागतो, पाणी मंदावते आणि पाट्या हलक्या होतात. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी ही सगळी या जाळ्याची मंडळी. दादर-गिरगावच्या खानावळीत एखाद्या आठवड्यात बोंबील स्वस्त आणि पुढच्या आठवड्यात गायब होतो, त्यामागे पुष्कळदा तिथीच असते.

कुर्ल्यांचा हिशेबही तिथीवरच. अमावास्येची कुर्ली भरलेली, पौर्णिमेची पोकळ, असे किनाऱ्यावर सगळीकडे सांगतात आणि जाणते गिऱ्हाईक चिंबोरी मागवण्याआधी खरोखर दिनदर्शिका बघते. घरोघरी भिंतीवर लटकणाऱ्या 'कालनिर्णय'चे जनक जयंतराव साळगांवकर मूळचे मालवणचे, हा योगायोग इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

गिऱ्हाइकाची सत्ता वारावर चालते. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. या तीन दिवशी बाजारात मासळीचे भाव चढतात, खानावळीबाहेर रांगा लागतात आणि फळ्यावरच्या ओळी दुपारी दीडपासून एकेक करून खोडल्या जातात. समुद्राला मात्र वार कळत नाही. सोमवारी बंदरात आलेला बांगडा बुधवारच्या बांगड्याइतकाच ताजा असतो आणि बहुधा स्वस्तही. ज्याच्या घरी वार पाळत नाहीत, त्याने सोमवारी किंवा गुरुवारी खानावळ गाठावी. ती उघडी असली, तर फळा आखूड असेल, पण ताटात येईल ते निवांतपणे आणि नीट तळून येईल.

सरकारचा हात पावसाळ्यात दिसतो. पश्चिम किनाऱ्यावर सध्या १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीला बंदी असते. कारणे दोन. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, आणि अनेक जातींचा हा विणीचा काळ असतो. पूर्वी महाराष्ट्राच्या नियमातच नारळी पौर्णिमा होती. १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोवर बंदी, असा तो हिशेब होता. आता तारीख इंग्रजी, आणि कोळी समाजाचा नारळ चंद्राच्या तारखेला. त्यामुळे अंतर पडते. २०२३ साली श्रावण अधिक आला आणि नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला गेली, म्हणजे बंदी उठून महिना होत आला तेव्हा. त्या वर्षी मासळीच्या हॉटेलवाल्यांची दुहेरी परीक्षा झाली. अधिक आणि निज असे दोन्ही श्रावण पाळणाऱ्या घरांतून जवळजवळ दोन महिने कोणी फिरकणार नव्हते.

मग जुलैच्या मध्यावर मुंबईच्या हॉटेलात सुरमईची तुकडी येते कुठून? काही शीतगृहातून. बरीचशी पूर्व किनाऱ्यावरून. तिथली बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे अरबी समुद्रातल्या होड्या किनाऱ्याला लागून पंधरवडा होतो न होतो, तोच बंगालच्या उपसागरातल्या होड्या बाहेर पडतात आणि बर्फात घातलेली मासळी ट्रकने देश ओलांडून इकडे येते. यात गैर काही नाही, पण प्रवास लांबचा आहे. जुलै २०१८मध्ये गोव्यात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून मोठे वादळ उठले आणि सरकारला काही दिवस मासळीची आयातच थांबवावी लागली. पावसाळ्यात मासा खाऊ नये असा याचा अर्थ नाही. पावसाळ्यात सुरमईच हवी, हा हट्ट मात्र महागात पडतो.

कारण पावसाळ्याचा स्वतःचा मेन्यू आहे, आणि तो वर्षातला सर्वात चविष्ट असावा, असे म्हणायला जागा आहे.

त्याची तयारी उन्हाळ्यात होते. रायगड-मुंबईकडे हिला आगोट म्हणतात. वर्सोवा, सातपाटी, वसईच्या किनाऱ्यांवर बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घातलेले असतात. जवळा जमिनीवर पसरलेला असतो. सोललेल्या कोळंबीचे सोडे होतात, बांगडा मीठ लावून खारवला जातो. हे सगळे मे संपायच्या आत डब्यांत भरून झाकणे घट्ट लावायची. गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत म्हणतात. जूनमध्ये फळ्यावर 'सुका बांगडा', 'सुकट', 'बोंबील-बटाटा' अशा ओळी दिसू लागतात तेव्हा शहरी पाहुण्याचे तोंड जरा उतरते. निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, पेज आणि बाहेर कोसळणारा पाऊस हे जेवण त्याने एकदा करून पाहावे, मग बोलावे.

पहिल्या सरींबरोबर ठाणे, पालघर, रायगडच्या रानांत शेवळे उगवतात. खाजरी भाजी. तिची खाज मारायला काकडाची आंबट फळे लागतात, आणि तिला चव आणायला लागतात सोडे किंवा कोळंबी. सीकेपी आणि पाठारे प्रभू स्वयंपाकघरांत शेवळांसाठी जीव टाकणारी माणसे अजून आहेत. मोठ्या हॉटेलांना हा खटाटोप झेपत नाही, त्यामुळे तो पदार्थ घरगुती डबे देणाऱ्या बायकांकडे किंवा एखाद्या छोट्या खानावळीतच भेटतो, तोही जेमतेम काही आठवडे. त्याच दिवसांत नद्या-ओढ्यांना पाणी चढते आणि त्याबरोबर मासेही वर चढतात. कोकणात ते चढणीचे मासे, ठाणे-रायगडकडे वलगणीचे. खाडीतल्या चिंबोऱ्या असतात, चिखलातले निवटे असतात, शेताच्या बांधावरचे मुठे असतात. यांतले फारच थोडे छापील कार्डावर पोचले आहे. घाटावर आणखी वेगळा प्रकार. उजनीच्या जलाशयाकाठी, पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणची हॉटेले चिलापी आणि इतर गोड्या पाण्यातल्या मासळीवर चालतात, आणि तिथल्या थाळीला अरबी समुद्राच्या बंदीशी काही देणेघेणे नसते.

आषाढी अमावास्येला गटारीची झुंबड उडते. त्यानंतर श्रावणात हॉटेले ओस. ऑगस्टमध्ये ट्रॉलर निघतात, पहिली कोळंबी बंदरावर येते, आणि नेमके तेव्हाच खाणारे उपासाला बसलेले असतात. गणपतीतही हात आखडलेला. मात्र ज्या घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो तिथे चिंबोऱ्यांना अचानक सोन्याचा भाव येतो.

खरा हंगाम त्यानंतरचा. सप्टेंबरपासून बांगडा आणि तारली थव्यांनी किनाऱ्याजवळ येतात आणि सिंधुदुर्गात रापण लागते. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि मग वाडीतल्या माणसांनी मिळून ओढायची. मिळेल त्याची वाटणी ठरलेली. रापणीच्या बांगड्याचे तिखले ज्या दिवशी फळ्यावर असते, त्या दिवशी बाकीचा फळा वाचण्यात अर्थ नाही. पावसाळा सरताना तिरफळाच्या झाडांना हिरवी फळे धरतात आणि हा मसाला बांगड्यासाठीच जन्मला असावा असे वाटते. ही रापण आता सुखात नाही. पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले जाऊ लागले, तंटे झाले, आणि डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६मध्ये राज्य सरकारने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांची मुभा ठेवली. वाद मिटलेला नाही. त्यात वादळांची भर पडते. २०१९मध्ये ऐन हंगामात, ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, 'क्यार' आणि 'महा' ही दोन चक्रीवादळे पाठोपाठ आली आणि होड्या बंदरातच अडकल्या. अशा दिवशी फळ्यावर अंडा करी येते. त्याबद्दल मालकाशी हुज्जत घालू नये.

थंडी पडली की सुरमई, सरंगा, हलवा यांची चलती असते. ओहोटीला खडकांवरून कालवे आणि वाळूतून तिसऱ्या काढणाऱ्या बायका बाजारात दिसतात. मार्च उजाडला की बदल माशात कमी आणि कढीत जास्त होतो. आमसुलाची जागा कैरी घेते. तीच कोळंबी, तोच नारळ, पण चव इतकी वेगळी की नवा पदार्थ वाटावा. कुठे बिंबले पडतात, कुठे अंबाडे. आंबट बदलण्याची ही कला कुठल्याही कार्डावर लिहिलेली नसते.

या सगळ्यात पापलेटचे दुखणे वेगळे आहे. बारा महिने, वार असो नसो, बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला तेच हवे असते. काटे कमी, चव सौम्य, ताटात दिसायला देखणे. सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यमाशाचा मान दिला, तो त्याची घटती संख्या डोळ्यांसमोर ठेवूनच. सातपाटीचे कोळी तर ही घट कित्येक वर्षे सांगत आले आहेत. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. नियम होडीवाल्यासाठी आहे, पण ताटात मावेल असे छोटे अख्खे पापलेट मागणारा त्यातून सुटतो, हे काही बरोबर नाही. दिव्या कर्नाड यांच्या पुढाकाराने सुरू झालेला 'इनसीझन फिश' हा उपक्रम नेमके हेच शेफना आणि खाणाऱ्यांना पटवून देतो की कुठल्या महिन्यात कोणता मासा घ्यावा आणि कोणता राहू द्यावा. मुडदुशी, सौंदाळा, मांदेली, पेडवे, लेप ही नावे कार्डावर वाढली, तर पापलेटला जरा उसंत मिळेल.

अडचण स्वयंपाकघराची आहे. दोनच मासे रांधायचे तर आचारी कोणीही चालतो. रोज येईल तो मासा रांधायचा तर पेडव्याला किती चीर द्यायची, मोरीला उग्रपणा जाण्यासाठी काय लावायचे, बोंबलातले पाणी दाबून कसे काढायचे, हे हाताला माहीत असावे लागते. कोकणातल्या खानावळी अजून पुष्कळशा घरच्या बायकांच्या हातावर चालतात, आणि फळा रोज बदलू शकतो तो त्यामुळे.

सर्वात अवघड महिना मे. शाळांना सुट्ट्या, तारकर्लीला गर्दी, प्रत्येक टेबलावर सुरमईची मागणी, आणि समुद्रात मासळी रोडावत चाललेली. महिनाअखेरीला होड्या ओढून वर घेतात आणि झावळ्यांनी शाकारतात. बाहेर पाहुणे फळ्यावरचा चढा भाव वाचून आपापसांत कुरकुरत असतात. मागच्या पडवीत मालकीण दारावर आलेल्या कोळणीशी सुक्या बांगड्यांचा भाव करत असते, आणि तिथेही तो कमी होत नसतो.