अण्णांच्या बंदुकीचा घोडा

दिवाळी तोंडावर आली, की नांदेडला सचखंड गुरुद्वारात ‘तख्त स्नान’ होते. भाविक गोदावरीचे पाणी गागरींतून वाहून आणतात, तख्त धुतले जाते, आणि गुरू गोविंदसिंगांची म्हणून जतन केलेली शस्त्रे बाहेर काढून स्वच्छ केली जातात. त्यांत तलवारी आहेत, ढाल आहे, धनुष्यबाण आहेत आणि एक तोड्याची बंदूकही आहे.

साधारण त्याच दिवशी लातूरला आमच्या घरीही एक शस्त्र धुतले जाते. शस्त्र कसले, वीतभर लांबीचा लोखंडी तुकडा! एका पट्टीवर घोडा बसवलेला, पट्टीमागे एक कमान. घोडा अंगठ्याने मागे ओढला की ‘कट्’ असा आवाज होतो. आणखी ओढला की दुसरा ‘कट्’. याला ना नळी, ना दस्ता, ना चाप. बंदुकीचे बाकीचे सगळे अंग गेले आणि घोडा तेवढा मागे राहिला. तो कसा राहिला आणि त्याने मला आयुष्यभर कसे नादी लावले, ते आज सांगणार आहे.

आमचे मूळ गाव उदगीर–मुखेड रस्त्याच्या आत. आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी निजामी अमदानीतल्या परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरांना भिववण्यापलीकडे तिने काही केले असेल, असे वाटत नाही. पण १९४७ साल उजाडले आणि आमच्या भागात डुकरांपेक्षा माणसांचे भय वाढले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरातच वकिली केलेला गृहस्थ. त्यामुळे त्याच्या भाषणांची झळ आमच्याकडे लवकर पोहोचली. रात्री गावात गस्त सुरू झाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा बावीस वर्षांचे. खांद्यावर ती बंदूक घेऊन ते वेशीवर बसत.

“उडवली का हो कधी?” असे मी लहानपणी दहा वेळा विचारले असेल. अण्णा म्हणत, “एकदाबी न्हाई. उडली असती का न्हाई, तेच ठाव नव्हतं.”

कारण घोड्याची कमान मोडली होती. बंदुकीचा नुसता आकार दाखवून रात्री काढायच्या! शेवटी १९४८ च्या पावसाळ्यात अण्णांनी घोडा पट्टीसकट सोडवला आणि नांदेडच्या एका शिकलगाराकडे दुरुस्तीला दिला. तो हातात येण्यापूर्वीच सप्टेंबर उजाडला. १३ तारखेला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती दिली. पुढे शस्त्रे जमा करण्याचा हुकूम निघाला आणि आजोबांनी बंदूक होती तशी, बिनघोड्याची, ठाण्यात नेऊन दिली. ती परत आली नाही.

दिवाळीच्या आधी अण्णा नांदेडला घोडा आणायला गेले. शिकलगाराने नवी कमान घडवून ठेवली होती. अण्णांनी पैसे पुढे केले, तर तो म्हणाला, “ज्याची बंदूकच गेली, त्याच्याकडून मजुरी काय घ्यायची?” मग तो अण्णांना तख्त स्नान दाखवायला घेऊन गेला. तेव्हापासून आमच्या घरी घोडा धुण्याचा दिवस ठरला. लोक खंडेनवमीला शस्त्रे पुजतात. आम्ही दिवाळीच्या तोंडावर.

अण्णा पुढे लातूरला गंजगोलाईजवळ एका अडतीवर मुनीम झाले. गोलाईभोवती सोळा रस्ते फुटतात. त्यांपैकी एका रस्त्यावर लोहार, कुलूपवाले, सायकलवाले यांच्या दुकानांत माझे बालपण गेले. वस्तू उघडून पाहण्याचे मला वेड. सायकलचे फ्रीव्हील, शिवणयंत्राची शटल, भिंतीवरचे घड्याळ, सारे मी उघडले आणि बहुतेक पुन्हा जोडले. साहजिकच, वयाच्या चौदाव्या वर्षी मला वाटू लागले की, घोडा आहेच, उरलेली बंदूक आपण करावी!

हे १९६८ साल. मी आणि माझा वर्गमित्र, दोघांनी मिळून वहीच्या मधल्या पानावर बंदुकीचे चित्र काढले. चित्र माझ्या हातचे. मापेही मीच घातली. मी घोड्यासाठी अण्णांच्या पेटीची किल्ली मिळण्याची वाट पाहत बसलो. मित्राला धीर धरवेना. पाडव्याच्या सकाळी त्याने माझ्याशिवाय, घोड्याशिवाय, एका नळीचा प्रयोग केला. नळी फुटली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

दवाखान्यात त्याने माझे नाव सांगितले नाही. वही मात्र त्याच्या वडिलांना सापडली आणि ती त्यांनी अण्णांच्या हाती दिली. मला वाटले, आता पाठ सोलून निघणार. अण्णांनी मारले नाही. त्यांनी पेटीतून घोडा काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “हे बग, ह्येचं काम मागं ओढून थांबवायचं बी हाय. तुला नुसतं उडवायचं दिसलं. आजपासून हे जोडायचं न्हाई.” जखम भरेपर्यंत ते रोज संध्याकाळी अडतीवरून परस्पर मित्राच्या घरी जात. मला बरोबर नेत नसत. ती शिक्षा मला माराहून जड गेली.

नळी का फुटली, हे मला पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर झाल्यावर कळले. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दर चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड असतो. आजच्या रायफलीत बार उडतो त्या क्षणी तोच दाब पन्नास हजार पौंडांहूनही अधिक होतो. डोळ्यांना दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. पोलादाची जात आणि जोडातली केसभर फट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तर लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि नव्या नळ्यांची परीक्षा घेणे हे त्याचे एक काम ठरले. परीक्षा म्हणजे नेहमीपेक्षा जड बार भरून, माणसांनी दूर उभे राहून उडवून पाहायचे. टिकली तर तिच्यावर शिक्का. आमच्या वहीतल्या बंदुकीवर शिक्का मारणारा कोणी नव्हता.

आणखी एक गोष्ट मी शिकलो. अण्णांचा घोडा जगातल्या दुसऱ्या कोणत्याच बंदुकीला बसला नसता. जुन्या कारागिराच्या बंदुकीत प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाशी जुळवलेला असे. एकीचा स्क्रू दुसरीला लागत नसे. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने ही रीत मोडली. १७८५ साली त्याने अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन यांच्यापुढे पन्नास घोड्यांचे सुटे भाग ठेवले. जेफरसननी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही घोडे जोडले आणि ते बिनचूक बसले! आज आपण दुकानात जाऊन सायकलचा किंवा शिवणयंत्राचा सुटा भाग मागतो, तो मिळतो आणि बसतोही, यामागे जी कल्पना आहे, तिची एक मोठी परीक्षा अशी बंदुकीच्या घोड्यावर झाली.

त्या कल्पनेचे टोक मी २०२३ साली पाहिले. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासला असतो. दिवाळीला मी त्याच्याकडे होतो. फराळ झाल्यावर म्हणाला, “मामा, गॅरेजमध्ये चला, तुम्हाला आवडेल असं काहीतरी दाखवतो.” टेबलावर रबराची चटई आणि तिच्यावर एका रायफलीचे भाग मांडलेले. तिथे हा छंदच आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस युजीन स्टोनर या अभियंत्याने आर्मालाइट कंपनीसाठी जी रायफल आखली, तिच्या धर्तीचे भाग वेगवेगळे कारखाने बनवतात आणि हौशी लोक घरी जोडतात. त्यांतला एकच भाग, चाप ज्यात बसतो तो सांगाडा, कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’. त्याच्यावर क्रमांक असतो आणि तो घेताना दुकानदार गिऱ्हाइकाची चौकशी करून घेतो. उरलेले भाग टपालाने घरपोच! स्वतःच्या वापरासाठी अशी रायफल जोडायला तिथल्या केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. काही राज्यांनी मात्र निर्बंध घातले आहेत.

खोटे कशाला सांगू, माझे हात शिवशिवले. सगळे भाग कसे गुळगुळीत, कानशीची गरज नाही. भाच्याने जोड तपासायचे माप लावले तेव्हा तर मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. दोन तासांत रायफल उभी राहिली. मग तो सहज बोलून गेला, “मामा, आजोबांचा तो घोडा पुढच्या खेपेला आणा. ठासणीच्या बंदुकांचेही सुटे संच इथे मिळतात. दस्ता आणि नळी त्या घोड्याच्या मापाने करून घेऊ. पंचाहत्तर वर्षांनी आजोबांची बंदूक पुरी होईल.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदाव्या वर्षी जे हवे होते, ते सत्तरीच्या उंबरठ्यावर कोणी हातावर आणून ठेवत होते; आणि तेही कायद्यात बसवून. अण्णा जाऊन वीस वर्षे झाली होती. नको म्हणायला ते नव्हते.

लातूरला परतल्यावर मी एका वकील स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी १९५९ चा शस्त्र कायदा काढला. पहिल्याच पानांत माझ्या पोटात गोळा आला: शस्त्र म्हणजे अखंड शस्त्रच नव्हे, शस्त्राचे भागही त्यात आले! विनापरवाना बंदूक बनवणाऱ्याला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. छंद म्हणून सवलत नाही. “म्हणजे ७५ वर्षे आम्ही गुन्हा धुऊन पुसून ठेवत होतो की काय?” मी विचारले.

वकीलसाहेब हसले आणि त्यांनी शेवटाकडचे ४५ वे कलम काढले. शस्त्राचा किरकोळ भाग जवळ असेल आणि तो आपल्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जवळच्या पूरक भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसेल, तर हा कायदा त्याला लागू नाही. “तुमचा तुकडा पेटीत आहे तोवर माझ्या मते तो आठवणीची वस्तू आहे. जोडायचा म्हणून बाहेर काढलात, की तो शस्त्र होईल.”

मी गप्प झालो. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. कायद्याचे पुस्तक त्यांनी कधी उघडलेही नसेल. पण वहीतले ते चित्र पाहून त्यांनी हेच तर सांगितले होते.

भाच्याला कळवले की, घोडा येणार नाही. तो थोडा खट्टू झाला. माझा जोडण्याचा छंद मात्र सुटलेला नाही. शेजारच्या मुलांच्या सायकली आहेत, गल्लीतली शिवणयंत्रे आहेत.

त्यानंतरच्या दिवाळीत घोडा धुवायला मी माझ्या त्या मित्राला बोलावले. इतक्या वर्षांत मी त्याला तो कधी दाखवला नव्हता. धीर झाला नव्हता. तो आला. घंगाळात गोदावरीचे पाणी घातलेले होते. नांदेडच्या नातलगांनी बाटलीतून पाठवलेले. त्याने आपल्या तीन बोटांच्या हाताने घोडा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि अंगठ्याने मागे ओढला. ‘कट्.’ आणखी ओढला. ‘कट्.’

“एवढ्यासाठी व्हय रे?” तो म्हणाला.

मला काही बोलता आले नाही. त्याने घोडा हलकेच खाली आणला, फडक्याने कोरडा केला, तेलाचे बोट फिरवले आणि स्वतःच पेटीत ठेवला. मग आम्ही दोघे चहा प्यायला बसलो.