दया नव्हे, साक्ष!

लेड बेली ऊर्फ हडी लेडबेटर हे नाव निघाले की एक कथा हमखास सांगितली जाते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या अँगोला तुरुंगात हे कृष्णवर्णीय कैदी गायले, गव्हर्नरला पाझर फुटला आणि त्यांची सुटका झाली! कथा गोड आहे. म्हणूनच ती तपासून घेतली पाहिजे.

१९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन लोकगीते गोळा करीत अँगोलात पोहोचले. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी त्यांनी लेड बेलींचा आवाज ध्वनिमुद्रित केला. पुढच्या वर्षी दयेची विनंती करणारे त्यांचे गाणे गव्हर्नरच्या कचेरीत पोहोचवलेही. पण १९३४ ची सुटका चांगल्या वर्तणुकीबद्दल नियमाने मिळणाऱ्या सवलतीमुळे झाली, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनीच नंतर सांगितले. टेक्सासच्या गव्हर्नरने १९२५ साली त्यांना माफी दिली होती, हे खरे. पण तेव्हाही किमान शिक्षेचा बहुतेक काळ त्यांनी भोगलेला होता.

मग दयेचीच कथा का गाजली? कारण त्या कथेत मोठेपणा दया करणाऱ्याच्या पदरात पडतो. सुटून आलेल्या या कलावंताला १९३५ च्या वृत्तपटात पुन्हा कैद्याच्या कपड्यांत उभे केले गेले!

ध्वनिमुद्रिका मात्र वेगळेच बोलतात. बारा तारांच्या गिटारवर खर्जाच्या तारा घणासारख्या पडतात. कापूस वेचणाऱ्यांची, रेल्वेचे रूळ टाकणाऱ्यांची श्रमगीते त्या ठेक्यावर उभी राहतात. १९३७ साली वॉशिंग्टनमध्ये लेड बेली, त्यांच्या पत्नी मार्था आणि गोरे मित्र यांना एकत्र राहायला जागा मिळेना. त्यातून ‘बूर्झ्वा ब्लूज’ जन्मले. त्यात याचना नाही, राजधानीवर थेट आरोप आहे. अलाबामात १९३१ साली बलात्काराच्या खोट्या आरोपात अडकवलेल्या नऊ कृष्णवर्णीय तरुणांवरही त्यांनी गाणे केले आणि आपल्या लोकांना सांगितले, तिकडे जाल तर सावध राहा, जागे राहा.

डिसेंबर १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांनी काकांकडून शिकलेले ‘गुडनाइट, आयरीन’ १९५० साली ‘द वीव्हर्स’ या गोऱ्या गायकांच्या संचाने गायले आणि ते तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ते यश पाहायला लेड बेली उरले नव्हते.

त्यांचा आवाज आजही ऐकायला मिळतो. तो ऐकावा, पण दया मागणाऱ्या कैद्याचा म्हणून नव्हे. साक्ष देणाऱ्या कलावंताचा म्हणून!